काना नव्हे, मात्रा

काटेवालीला वजन करायला यंत्र लागायचंच नाही. गिऱ्हाइकाने बटाट्याची पिशवी पुढे केली की ती पिशवी तळहातावर जरा तोलायची आणि सांगायची, "सव्वा किलोला एक बटाटा कमी." मग नियम म्हणून यंत्रावर ठेवायची. यंत्र मुकाट्याने तोच आकडा दाखवायचं आणि लेबल छापून बाहेर टाकायचं. हे शिक्षण बापाच्या भाजीच्या दुकानात झालेलं. बाप शिकवायला कडक, त्यामुळे पन्नास ग्रॅमची चूकसुद्धा तिला सहन व्हायची नाही.

ते दुकान बंद पडलं आणि ती मोठ्या दुकानात लागली. मोठं म्हणजे चांगलं तीन मजली. खाली किराणा आणि भाजी, मधे कपडे, सगळ्यात वर गोदाम. भाजीच्या काट्यामागे ती सहा वर्षं उभी होती, पण त्या सहा वर्षांत लोक तिला 'काटेवाला' म्हणायचे. होती ती तीच, पण ते तिला एकटीलाच ठाऊक होतं. बाकीच्यांना शर्ट दिसायचा.

भाजी विभागावर राज्य होतं मावशीचं. ही कोणाचीच मावशी नव्हती, पण तिला दुसरं काही म्हणायची कोणाची छाती नव्हती. मावशीचं प्रेम, राग, शाबासकी, सगळं एकाच शब्दात चालायचं. मुलगा असला तर "गधड्या", मुलगी असली तर "गधडे". नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात ही पदवी मिळाली नाही, तर त्याची नोकरी काही टिकत नाही, असा तिथला अनुभव. काटेवालीला दिवसातून दहा वेळा "गधड्या" मिळायचं. शब्दाचं तिला काहीच वाटायचं नाही. शेवटचा तो 'ड्या' मात्र चपलेतल्या खड्यासारखा टोचायचा. शेजारच्या फळवालीला "अगं गधडे" म्हणून हाक गेली की काटेवाली हळूच मान वर करून बघायची. अशा गोष्टीचा हेवा करणारं माणूस त्या दुकानात दुसरं नसेल.

शेवटी एकदाची ती लांब रजेवर गेली. डॉक्टर झाले, कचेऱ्या झाल्या, एकाच कागदाच्या सात प्रती झाल्या. आईने आधी आठ दिवस अबोला धरला आणि नवव्या दिवशी विचारलं, "लेकरू जेवलं का?" आईची युक्ती साधी होती. लेकराला तो नाही, ती नाही. लेकरू दमतं, लेकरू झोपतं, लेकरू उगाच कपाट आवरत बसतं. काटेवालीला त्या 'ते'मध्ये उबदार वाटायचं. तक्रार नव्हती.

ती परत येणार हे कळल्यावर मुख्य कार्यालयाने तयारी केली होती. सगळ्यांना चार तासांचं प्रशिक्षण, भिंतीवर रंगीत चित्रं, शेवटी चहा-बिस्किटं. शिकवणाऱ्याने सांगितलं, "शंका असेल तिथे स्त्री-पुरुष कळणार नाही असं बोला. चुकीचा शब्द गेला तर कारवाई होईल." बाकीचं सगळं लोक बिस्किटांबरोबर गिळून बसले. 'कारवाई' तेवढी लक्षात राहिली.

पहिल्या दिवशी ती बायकांचा निळा गणवेश घालून आली, तर दारात मॅनेजरसाहेब उभे. साहेबांनी सहा वर्षं तिला "ए, इकडे ये"च्या वर काही दिलं नव्हतं. आज ते कमरेत वाकून म्हणाले, "यावं, यावं. येणं झालं? प्रकृती ठीक? आत जाणं व्हावं."

काटेवालीने मागे वळून पाहिलं. तिला वाटलं, आपल्यामागून कोणी मंत्री येतोय.

मंत्री नव्हता. दाराशी दोन पुरुष उंचीचा फलक मात्र होता आणि त्यावर तिचाच फोटो, हातात टोमॅटो. खाली लिहिलं होतं, 'आमच्या तराजूत सगळे समान!' फोटो पाहून ती हरखली आणि तशीच काट्याकडे वळली. साहेब आडवे आले.

"तिकडे नाही. आपली व्यवस्था वर, गोदामात. आपल्याच सोयीसाठी हं. गिऱ्हाइकं काय, वाटेल ते बोलतात."

"मला कोण काय बोललंय?"

"अजून नाही. पण बोलले तर?"

अशा रीतीने फोटो दारात लागला आणि बाई माळ्यावर गेली. गोदामात तिला रिकामे क्रेट मोजायचं काम दिलं. रिकाम्या क्रेटचं वजन काय करणार? सवयीने ती स्टेपलर तळहातावर तोलून बघायची. तिच्यासाठी खास वेगळं स्वच्छतागृहही ठरवलं होतं. तिथे पूर्वी झाडू आणि बादल्या ठेवत, आणि अजूनही ठेवत. दार उघडलं की आधी झाडू अंगावर यायचा. ये-जा करायची मागच्या जिन्याने, म्हणजे गिऱ्हाइकांच्या नजरेला पडायला नको. भीक नको पण कुत्रं आवर, असं हे स्वागत होतं.

साहेबांची खरी पंचाईत व्हायची ती तिच्या पाठीमागे तिच्याबद्दल बोलताना. तोंडावर 'आपण' म्हणून भागायचं, पण पाठीमागे 'ते' म्हणावं की 'त्या'? दोन दिवस साहेब "ते आपले हे" म्हणत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांना शब्द सापडला: व्यक्ती. मग काय विचारता! "व्यक्ती आली का? व्यक्ती जेवली का? क्रेट मोजून झाल्यावर व्यक्ती मोकळी असते." व्यक्ती हा शब्द मुळात स्त्रीलिंगी आहे, हे साहेबांच्या गावीही नव्हतं. काटेवालीच्या मात्र पहिल्याच दिवशी ध्यानात आलं. 'आली, गेली, जेवली' ऐकून ती क्रेटमागे तोंड लपवून हसायची. फुकटात मिळतंय, तर का सोडा?

पण मावशी बोलत नव्हती. वाईट काही नाही, चांगलं काही नाही, "गधड्या" नाही, "गधडे" नाही. क्रेट न्यायला वर यायची, भिंतीकडे बघून म्हणायची, "टोमॅटोचे चार क्रेट खाली लागतील," आणि जायची. भिंतीला बिचारीला काय उत्तर द्यावं ते कळायचं नाही. हे काटेवालीला लागलं. साहेबांच्या 'यावं-जावं'चं तिला हसू यायचं, पण मावशीच्या त्या पाठमोऱ्या बोलण्याने ती दोनदा झाडूवाल्या खोलीत जाऊन रडली होती. तिला मान नको होता. तिला काट्यामागची जागा हवी होती आणि तिथे उभी असताना इतर पोरींना बसते तशी शिवी हवी होती. पण असला अर्ज कोणाकडे करायचा आणि कोणत्या नमुन्यात?

असे पाच-सहा महिने गेले.

कपड्यांच्या मजल्यावर दर शनिवारी एक टेलरबाई झगे बघायला यायची. खांदे रुंद, आवाज भरदार, स्वभाव लाजरा. बायकांच्या ट्रायल रूमपाशी सिक्युरिटीवाला तिला दर वेळी अडवायचा, "ओ साहेब... मॅडम... ओ, थांबा." प्रशिक्षणानंतर तिला एकटीला अडवणं म्हणजे भेदभाव, हे त्याला कळलं. म्हणून तो आता प्रत्येक बाईला अडवायला लागला. समानता म्हणजे सगळ्यांची सारखीच अडवणूक. दोन पोरं कडेवर आणि एक बोटाशी घेतलेल्या एका आईने त्याची अशी काही हजेरी घेतली, की पुढे आठवडाभर तो कोणालाच अडवेना. टेलरबाईने त्या आठवड्यात तीन झगे घालून बघितले. आयुष्यात पहिल्यांदा तिने कपडा मापात बसतोय हे पाहून विकत घेतला.

त्याच आनंदात ती खाली आली. फलकावरचा फोटो ती किती दिवस बघत होती. त्या बाईशी दोन शब्द बोलावेत, असं तिच्या मनात होतं. काट्यावर भलताच माणूस. तिने साहेबांना गाठलं. "त्या फोटोतल्या बाई दिसत नाहीत कुठे?"

साहेब दचकले. शब्द जपून वापरायचे होते. "ती व्यक्ती... वर गेली."

"वर?"

"हो. झाले पाच-सहा महिने." साहेबांनी नजर खाली वळवली. "आता पुन्हा खाली येणं काही व्हायचं नाही."

टेलरबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. दुसऱ्या दिवशी फलकाखाली पांढरी फुलं होती. फुलं पाहून जुन्या गिऱ्हाइकांनी चौकशी केली, आणि बातमी भाजीच्या पिशव्यांबरोबर घरोघर पोचली. तिसऱ्या दिवशी ढीग झाला. एक पेन्शनीत निघालेले काका फलकासमोर टोपी काढून उभे राहिले आणि म्हणाले, "हातात देव होता हो तिच्या." म्हणजे काकांनीही 'तिच्या' म्हटलं, आणि त्यांना कसलंही प्रशिक्षण मिळालं नव्हतं! कोणीतरी फुलांच्या मधोमध एक बटाटा ठेवला. सव्वा किलोला जो कमी पडायचा, तो.

काटेवाली मागच्या जिन्याने ये-जा करत होती. तिला आपल्या मरणाचा पत्ताच नव्हता.

आणि नेमक्या त्याच दिवशी मुख्य कार्यालयातल्या मोठ्या बाई आल्या, बरोबर फोटोवाला घेऊन.

"कोण गेलं?" त्यांनी फुलांकडे बघून विचारलं.

"कोणी नाही."

"मग बटाटा?"

साहेबांची पाचावर धारण बसली. सगळं ऐकल्यावर मोठ्या बाई म्हणाल्या, "आत्ताच्या आत्ता त्यांना खाली आणा. तासभर काट्यावर उभं करा, लोकांना जिवंत दिसू देत. फोटो काढू. मग जाऊ देत परत वर."

तासभर तर तासभर. काटेवाली दोन-दोन पायऱ्या उतरत खाली आली. काट्यामागे उभी राहिली, यंत्राच्या कडेवरून हात फिरवला. भाजी विभागात बघता बघता रांग लागली. मेलेल्या माणसाकडून वजन करून घ्यायची संधी कोण सोडेल?

रांगेत पहिली होती टेलरबाई. हातात नवी फुलं आणि एक दुधी. काटेवालीला बघून दुधी हातातून सुटायचाच राहिला. "अहो... तुम्ही आहात?"

"आहे की."

"मला वाटलं... मी फुलं..." आणि ती भरदार आवाजात ढसाढसा रडायला लागली. "तुमच्या फोटोकडे बघून मी दर शनिवारी दारातून आत यायची हो."

आपल्याकडे बघून कोणाला धीर येत असेल, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. डोळ्यांना धूसर दिसत होतं, तशाच डोळ्यांनी तिने दुधी यंत्रावर ठेवला, बटण दाबलं, लेबल चिकटवलं.

बाजूला मावशी उभी होती. पाच-सहा महिने मूग गिळून बसलेली. पण तिच्या राज्यात दुधीवर काकडीचं लेबल?

"अगं गधडे!" मावशी कडाडली. कोपऱ्यातला टोमॅटोचा ढीगसुद्धा घसरला असेल. "डोळे कुठे गहाण ठेवलेस? ही काकडी आहे?"

फोटोवाल्याने कॅमेरा खाली केला. साहेब भिंतीला टेकले. मावशीने स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

मोठ्या बाईंचा चेहरा कठीण झाला. "हा छळ आहे. सगळ्यांसमोर! तक्रार नोंदवा. यांना आजच घरी पाठवू."

साहेबांनी तक्रारीचा कागद काढला, नेमका उच्चारलेला शब्द लिहिला आणि सहीसाठी काटेवालीपुढे सरकवला. तिने वाचलं. सहा वर्षांच्या सवयीने साहेबांनी 'गधड्या' लिहिलं होतं.

"साहेब, चुकलंय."

"काय चुकलं?"

"इथे काना नाही. मात्रा आहे. ड-वर एक मात्रा. नीट लिहा."

साहेबांनी खोडलं, मात्रा दिली. काटेवालीने ते अक्षर बराच वेळ न्याहाळलं. मग कागदाची घडी केली आणि गणवेशाच्या खिशात ठेवली.

"सही?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"सही नाही करणार. हा कागद मला घरी न्यायचाय." ती मोठ्या बाईंकडे वळली. "बाई, या दुकानात मला 'आपण' म्हटलं, 'व्यक्ती' म्हटलं, झाडूंच्या खोलीत पाठवलं, आता फुलंही वाहिली. गधडी म्हणून हाक मारायला इतके महिने लागले. तक्रार लिहायचीच असेल तर ही लिहा, की मला इथून का हलवलं? या रांगेतलं कोण मला काय बोललंय, विचारा."

मोठ्या बाईंनी रांगेकडे पाहिलं. रांगेतून काका ओरडले, "आम्हाला बोलायचंय, पण आमचा नंबर येऊ दे की! कांदे घेऊन कधीचा उभा आहे." लोक हसले. मोठ्या बाईंनी साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "तासभराचंच ठरलं होतं..."

"तास मी मोजणार नाही," काटेवाली म्हणाली. "वजन मोजीन. मी इथून हलत नाही."

एवढ्या लोकांसमोर तिला परत 'वर' पाठवणं मोठ्या बाईंनाही झेपणारं नव्हतं. त्या फोटोवाल्याला म्हणाल्या, "तो फलक काढा आता. माणूस इथे आहे, फोटो कशाला?" साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला आणि घाईघाईने बटाटा उचलायला दाराकडे पळाले.

काटेवालीने दुधीवरचं लेबल सोलून काढलं. मावशी शेजारी येऊन उभी राहिली, भिंतीकडे नाही, तिच्याकडे बघत.

"सहा वर्षं त्या दुसऱ्या शब्दाची सवय," मावशी खालच्या आवाजात म्हणाली. "घसरली जीभ, म्हणजे तुलाही लागणार आणि माझीही नोकरी जाणार. म्हणून गप्पच बसले. घरी आरशासमोर घोकायचे, गधडे, गधडे. नवरा घाबरला. विचारायचा, कोणाला म्हणतेस?"

"मग काय सांगितलंत?"

"काय सांगणार? म्हटलं, आमच्या काटेवालीला." मावशीने पदराने नाक पुसलं. "आता रडत काय बसलीस? रांग काय तुझा बाप आवरणार? घे ते कांदे."