पावडर लावलेली सासू

माझी पुतणी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बोलणं लहानपणापासून म्हातारीचं, म्हणून घरात सगळे तिला आजीबाई म्हणतात. कॉलेजने दवाखान्याच्या हॉलमध्ये एचपीव्ही लसीवर छोटं नाटक ठेवलं, तेव्हा तिला नर्सचं काम हवं होतं. मिळालं लसीला विरोध करणाऱ्या सासूचं. मॅडमनी बजावलं होतं की नाटक संपल्यावर आया आपल्या मुलींना घेऊन शेजारच्या खोलीत लसीला गेल्या पाहिजेत, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात.

मी कौतुकाने मागच्या खुर्चीवर बसलो होतो. आजीबाई केसांना पावडर फासून, जाड चष्मा लावून, काठी टेकत आली.

"पोर अजून शाळेत जातेय आणि हिला गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची लस? आमच्या वेळी होतं का असलं काही? उद्या हिला मूल झालं नाही तर ही नर्स आणून देणार का?"

"बरोबर बोलतात आजी," पुढच्या रांगेतून आवाज आला. टाळ्या पडल्या, तशी आजीबाईला आणखी चेव चढला. नाटकात नर्स झालेल्या मैत्रिणीने विषाणूची व्याख्या तोंडपाठ केली होती, पण सासूला तोंड कसं द्यायचं हे पुस्तकात नव्हतं. मॅडम पडद्याआडून डोळे वटारत होत्या.

तेवढ्यात एक आई मुलीला घेऊन उठली. "चल गं घरी. आजींनी वेळेवर सावध केलं."

पावडरीखालीसुद्धा आजीबाईचा चेहरा उतरलेला दिसला. ती धावत जाऊन काठी आडवी धरून दारात उभी राहिली.

"कुठे निघालीस? माझं भांडण संपायचंय अजून."

"आता काय राहिलं, आजी? तुमचंच खरं."

"माझं कुठलं खरं? हा कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो तो मुख्यतः शरीरसंबंधातून पसरतो, म्हणून लस त्याच्या कितीतरी आधी द्यायची. मूल होण्या-न होण्याशी तिचा काही संबंध नाही. हात दुखतो, एखाद्याला ताप येतो, बस. मी घेतली की गेल्या महिन्यात."

"या वयात?"

हॉल खो खो हसायला लागला. आजीबाईने चष्मा काढला. "अहो ताई, मी नर्सिंगला आहे. वीस वर्षांची."

"मग मघाशी एवढी तावातावाने कशाला भांडत होतीस?"

"तेच काम दिलं होतं ना. आणि खोटं कशाला सांगू, आधी मलाही असंच वाटायचं. वर्गात निम्म्याजणींना ही लस कशाची तेच धड माहीत नव्हतं."

त्या आईने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "खरंच घेतलीस?"

"आईशपथ."

"मग तूच ये आत. हिचा हात धर."

त्यांच्यामागून आणखी काही आया उठल्या. खोलीचं दार उघडंच होतं. मुलगी निमूट बाही वर करून बसली. जरा वेळाने तिचा आवाज आला, "आजी, डोळे उघडा. झालंसुद्धा."