समोरच्या फ्लॅटमधली हळद

समस्त डोंबिवलीकरांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या ताईला बघायला आलेलं स्थळ भर दुपारी आमच्याच जिन्यातून पळवलं गेलं.

गोष्ट नव्वदीच्या सुरुवातीची. समोरच्या फ्लॅटचे मालक ठाण्याला राहायचे. आमच्या बिल्डिंगला लागूनच मंगल कार्यालय, त्यामुळे लग्नसराईत ते हा फ्लॅट वऱ्हाडांना दोन-तीन दिवसांच्या भाड्याने द्यायचे. सोसायटीत भाडेकरूंना बंदी. म्हणून प्रत्येक वऱ्हाड पढवल्यासारखं सांगे, "आम्ही मालकांचे मावसभाऊ." एका महिन्यात साताऱ्याचे, जळगावचे आणि चक्क गुजराती मावसभाऊ आमची पाण्याची टाकी कोरडी करून गेले. सेक्रेटरी काका वैतागून म्हणाले, "या माणसाच्या आजीला मुली होत्या तरी किती?"

त्या रविवारी समोर एका नवरदेवाकडची मंडळी उतरली होती. दुसऱ्या दिवशी लग्न, आतमध्ये हळद. आमच्याकडे पाहुणे चारला यायचे होते. आधीच्या तीन स्थळांनी नकार कळवलेला, त्यामुळे आई फोडणी देतानासुद्धा देवाचं नाव घेत होती.

साडेचार वाजले तरी कोणी येईना, तेव्हा मी दार उघडलं. समोरचं दार सताड उघडं. आत पाटावर एक तरुण बसलेला आणि चार बायका त्याच्या गालांना हळद फासत होत्या. स्थळाच्या फोटोतला तो चेहरा पिवळा असूनही मी ओळखला. शेजारी त्याच्या आईची ओटी भरणं चाललं होतं.

फेटेवाल्या आजोबांनी खुलासा केला, "जिन्यात विचारलं, मुलाकडचे ना? तर हो म्हणाले. मग नवरदेवासंगं यांनाबी हळद लावली."

"खोटं कुठे बोललो?" मुलाचे मामा लाडू खात म्हणाले.

"आजोबा, हे आमच्याकडे आलेत," मी म्हणालो.

"असतील की. पण लाडू संपवल्याबिगर सोडायचा न्हाई."

शेवटी मी तिघांना आमच्या घरात आणलं. नारळ मांडीवर घेऊन मुलाची आई ताठ बसली. "दुसऱ्याच्या लग्नातली हळद लागली, हे काही शुभ नाही. मुलगी आज नको बघायला. आम्ही निघतो."

आईचा चेहरा पडला. बाबा पंख्याकडे बघू लागले. तेवढ्यात ताई पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली. तिला कोणी काहीच सांगितलं नव्हतं. तिने त्या पिवळ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि सगळ्यांसमोर तिच्या तोंडून निघून गेलं:

"अगं आई, यांची हळदसुद्धा झाली? मग उष्टी हळद मला कधी लावताय?"