माळ्यावरची विळी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, भावाला नाही — आणि जिला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच.

माझ्या मुलीच्या, ऋतुजाच्या डाव्या गालावर जन्मापासून लाल डाग. डोळ्यापासून हनुवटीपर्यंत. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात त्याचं कारण बारशाआधीच ठरलं. माझी बायको सुमन पोटुशी असताना ग्रहणात कांदा चिरायला बसली होती. "विळीवर बसलीस न्हवं? आता बघ की लेकीचं त्वांड!" आई म्हणाली. सुमननं त्याच दिवशी विळी माळ्यावर टाकली.

ऋतुजा वर्षाची झाल्यावर लेसर सुरू केलं. पहिल्या खेपेला, गाल काळानिळा पडलेल्या पोरीला घेऊन सुमन बाहेर बसली होती. डॉक्टरीणबाईंनी मला आत थांबवलं. हा डाग कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्यांमुळं आहे, म्हणाल्या. ग्रहणाचा, विळीचा काही संबंध नाही. "त्या बाहेर रडतायत. त्यांना सांगा, त्यांची काही चूक नाही."

मी मान हलवली. बाहेर आलो. "काय म्हनल्या?" सुमननं विचारलं.

"लई वेळा यायला लागंल."

खोटं नव्हतंच की ते! — किती वर्षं मी स्वतःला हेच ऐकवलं.

मग का नाही सांगितलं? विसरलो? आईला भ्यालो? — नाही. सुमन शाळेत शिकवायची. नोकरी सोड म्हणून मी मागं लागलो होतो, ती भांडायची, चांगली तावातावानं भांडायची. डाग आला आणि ती भांडायची थांबली. नोकरी सोडली. माहेरी जायचं तेही मला विचारून. अपराधी माणूस वाद घालत नाही, आणि मला ते सोयीचं होतं. एवढंच. याहून मोठं कारण तुम्ही शोधू नका.

अठरा वर्षं गेली. डाग फिकट गुलाबी झाला, पुरता गेला नाही. गेल्या आठवड्यात ऋतुजाच डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "बास आता. माझा गाल हाय, ऱ्हाऊ दे असाच." त्या हसल्या. मग सुमनकडं वळल्या, "ऋतुजा सांगत होती, तुम्ही अजून ग्रहणात पाणीसुद्धा घेत नाही म्हणे? अहो, मी यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की!"

दुसऱ्या दिवशी स्टुलावर चढून सुमननं माळ्यावरची विळी काढली, गंज घासला आणि माझ्यासमोर बसून कांदा चिरायला घेतला.

"अठरा वर्सं म्हाईत हुतं तुमास्नी?"

विसरलो म्हणता आलं असतं.

"व्हय."

का, ते तिनं विचारलं नाही. ते मी वर लिहिलंय, तीही वाचेल. वय लहान होतं, घरात आईचा धाक होता — असलं काही मी खाली जोडणार नाही. आणि 'होतं असं' म्हणत कुणी पाठीवर हात ठेवायला आलंच, तर मी दार उघडणार नाही.

विळी आता ओट्याखाली असते. सुमन पुन्हा भांडायला लागली आहे.