आबांना विचारल्याशिवाय

आमच्या घरात वडलांना, म्हणजे आबांना, विचारल्याशिवाय काहीच होत नाही. कांदा कधी काढायचा, कुणाच्या लग्नाला कुणी जायचं, सगळं त्यांना विचारून. आईनं तर आयुष्यात साडीचा रंगसुद्धा स्वतः ठरवला नाही.

त्या सकाळी ओट्यावर बसल्या बसल्या आबांच्या हातातली कपबशी पडली. उजवा हात लोंबायला लागला, तोंड वाकडं झालं. अंगावरून वारं गेलं, हे सगळ्यांनाच कळलं. पिकअप दारात लावली. पण न्यायचं कुठं? आमचं गाव शिरूर तालुक्यातलं, पण पार दौंडच्या शिवेला. दोन्हीकडं अंतर सारखंच. मी म्हणालो शिरूर. भाऊजी म्हणाले दौंड, तिथं त्यांची ओळख. मग आम्ही शहाण्यांनी काय करावं? आबांनाच विचारलं.

"आबा, शिरूरला जायचं ना?"

"हा."

"का दौंडला?" भाऊजींनी विचारलं.

"हा."

दोघांचंही समाधान झालं. तोवर भावकी जमली. जो तो येऊन आपापलं विचारून घ्यायला लागला.

शेवटी आई पदर खोचून पिकअपमध्ये चढली. "आरं मुडद्यांनो, माझा माणूस चाललाय आन् तुम्ही पंचायत कसली भरवताय! शिरूरला घे गाडी!"

शिरूरच्या डॉक्टरांनी विचारलं, "शेवटचे ठणठणीत कधी होते?"

"चहाला उशीर झाला म्हणून शिव्या घातल्या तवा," आई म्हणाली.

"शिव्या स्पष्ट होत्या?"

"लई स्पष्ट."

डोक्याचा फोटो काढून डॉक्टरांनी समजावलं. मानेतून रक्ताच्या नळ्या मेंदूकडं जातात; डाव्या बाजूच्या एका फांदीत गुठळी अडकली होती. बोलणं तिकडचंच, उजवं अंगही तिकडूनच चालतं. ठिबकची नळी तुंबली की पुढची रोपं माना टाकतात, तसंच हे. गुठळी विरघळायचं इंजेक्शन होतं, पण ते वेळेतच देता येतं, आणि एखाद्याला त्यानं डोक्यात रक्तस्रावही होतो.

"द्यायचं का?"

आम्ही सवयीनं आबांकडं बघितलं.

"द्या," आई म्हणाली.

इंजेक्शन लागू पडलं, पण सगळं नाही. काही दिवसांनी आबांच्या तोंडून पहिलं धड वाक्य बाहेर पडलं.

"कुनाला... इचारून... आनलं मला?"

आईचा चेहरा उतरला. "कुणालाच न्हाई," ती म्हणाली, आणि इतके दिवस डोळ्यांतून टिपूस न काढलेली बाई आमच्यादेखत त्यांच्या छातीवर डोकं ठेवून ढसाढसा रडली.

आबांनी उजवा हात उचलायचा प्रयत्न केला. उचलेना. मग त्यांनी डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला.