आकेयोचं स्वयंपाकघर

ओबुया आला तो ऐन दुपारी, अंगात लोकरीचा कोट आणि काखेत लाल कोंबडा घेऊन. छपराचे पत्रे घेऊन आलेली बैलगाडी आकेयोच्या अंगणातून नुकतीच वळली होती, तिची धूळही अजून खाली बसली नव्हती. ओबुया तिचा दीर, कुंपणापलीकडेच राहणारा. पण तिच्या नवऱ्याला, ओडेरोला, पुरल्यापासून त्यानं या अंगणात पाऊल टाकलं नव्हतं.

“वहिनी,” घसा साफ करून तो म्हणाला, “आता मी आलोय.”

“दिसतंय,” आकेयो म्हणाली. “घाम पुसा आधी.”

ओडेरोच्या दफनाला हा काय रडला होता! कोट भिरकावला, जमिनीवर लोळला, भावाच्या पराक्रमांची अशी काही गाथा गायली की म्हाताऱ्यांनीही डोळे पुसले. पुढे आसपासच्या गावांतून त्याला मयतांची आमंत्रणं येऊ लागली. आवाज खरंच होता त्याच्याकडे, ते आकेयो आजही नाकारत नव्हती. पण रडून झाल्यावर तो पोटभर जेवला आणि घरी गेला. तिच्या छपराचं गवत त्यानंतर कुजत राहिलं. विधवेच्या घराच्या खांबाला-छपराला हात लावायचा तो कुळातल्या पुरुषानंच, आणि ज्यानं हात लावला तोच त्या घराचा अन् अंथरुणाचा धनी, असा गावचा नियम. गळक्या छपराखालच्या अंथरुणाची हौस कुणालाच नव्हती. पाऊस आला की आकेयो खाट या भिंतीकडून त्या भिंतीकडे ओढायची. कुळ कोरड्यात झोपायचं.

मग एका मदतसंस्थेची मुलगी गावात आली. गवताचं छप्पर असेल त्या प्रत्येक घराला फोनवर पैसे मिळणार, ते परत करायचे नाहीत, कशावर खर्च करायचे तेही कुणी विचारणार नाही, असं तिनं आंब्याखालच्या सभेत सांगितलं. ओबुया उठला. त्यानं आधी आभाळाकडे बघितलं, मग लोकांकडे.

“फुकट पैसा देतो कोण? सैतान! आज फोन वाजेल, उद्या उशाखाली साप निघेल, परवा पोरं मागायला येतील. मला नको!”

टाळ्या पडल्या. त्याच्यामागे बरीच घरं नको म्हणाली. काही आठवडे तो जाईल तिथं लोक त्याला खुर्ची देत होते.

“साप येऊ दे,” आकेयो शेजारणीला म्हणाली, “माझ्या घरात त्याला कोरडी जागा सापडली तर मलाही सांगेल.” आणि तिनं नाव दिलं.

साप आला नाही. पैसे आले. पहिल्या दिवशी तिनं अख्खा मासा घेतला, डोक्याशेपटासकट, आणि एकटीनं खाल्ला. मग घेवड्याचं बियाणं, एक गाभण शेळी. लोकांच्या शेतात खुरपायला जाणं तिनं सोडलं आणि स्वतःच्या शेतात वेळेवर पेरलं. गंमत म्हणजे, दुकानदाराला अचानक तिचं नाव आठवलं. चर्चमध्ये पुढच्या बाकावरच्या बायका सरकून जागा देऊ लागल्या. आकेयो बसायची, हसायची आणि मनातल्या मनात एकेकीला चार शब्द सुनावायची.

शेवटी तिनं पत्रे घेतले. मोठ्या पावसाच्या आत डोक्यावर छप्पर हवं होतं, आणि त्या छपराखाली ओबुया नको होता. तिचं एवढंच मागणं होतं.

“पहिला खांब मी रोवणार,” ओबुया नव्या घरासाठी आणलेला कोंबडा सावरत म्हणाला. “रीत आहे.”

“पैसा सैतानाचा होता ना, भावोजी?”

“पैसा सैतानाचा. पत्रे दुकानातले.”

पत्रे बसवायला आलेल्या ओमोलो सुतारानं हातोडा खाली ठेवला. “आई, पुरुष उभा राहिल्याशिवाय मी घराला खिळा मारणार नाही. कुळाचा शाप लागतो. मलाही पोरंबाळं आहेत.”

दुसऱ्या दिवशी म्हातारी मंडळी जमली. थोरले न्यांग्वेसो काठीवर हनुवटी टेकून म्हणाले, “पोरी, घर तुझं, पण खांब कुळाचा. ओबुया नको तर दुसरा दीर निवड.”

आकेयोनं एकेक चेहरा न्याहाळला. गवताची एक पेंढी कधी आणून टाकली नव्हती यांनी, आणि आज सगळे दाढी करून आले होते.

“मामंजी, स्वयंपाकघराचा खांब कोण रोवतं?”

म्हातारे हसले. “चुलीच्या खोपट्यात पुरुषाचं काय काम? ते बायकांनी बघावं.”

“मग झालं तर. मी स्वयंपाकघरच बांधतेय.”

“एवढ्या पत्र्यांचं?”

“भूक मोठी आहे.”

“आणि झोपणार कुठं?” ओबुया ओरडला.

“चुलीशेजारी. ऊब असते.”

स्वतःचे शब्द स्वतःलाच कसे गिळायचे, ते न्यांग्वेसोंना एवढ्या लोकांसमोर सुचेना. ओबुयानं शेवटचा डाव टाकला, तोही खास मयतातल्या आवाजात. “बाईला तिच्या घराच्या दारासमोर पुरतात! घरच नाही, तर तू मेल्यावर आम्ही तुला पुरायचं कुठं?”

“मेल्यावर कुठं ठेवायचं ते तुम्ही बघा. जिवंतपणी कुठं झोपायचं ते मी बघते.”

ओमोलोनं हातोडा उचलला. “स्वयंपाकघर असेल तर माझं काही म्हणणं नाही.”

आकेयोनं खड्डा स्वतः खणला, पहिला खांब स्वतः रोवला. गावात तेवढं मोठं स्वयंपाकघर दुसरं नव्हतं. त्याला खिडक्या होत्या, कुलूप होतं, खाट होती. आणि कोपऱ्यात, नाव राखायला, एक चूल.

मोठा पाऊस आला तसं ओबुयाचं गवत गळायला लागलं. एका दुपारी तो तिच्या वळचणीला येऊन उभा राहिला, अंगात तोच कोट, आता भिजून जड झालेला.

“वहिनी, ते संस्थेवाले... परत येणार आहेत का?”

“मला काय ठाऊक? सैतानाला विचारा.”

त्याला हसू आलं. आत घेवडा शिजत होता, जमीन कोरडी होती. त्यानं उंबरा ओलांडायला पाय उचलला.

“अगंबाई! भावोजी, पुरुषमाणूस आणि स्वयंपाकघरात? लोक काय म्हणतील?”

पाय मागं गेला. आकेयोनं चहाचा पेला भरला, साखर जरा जास्तच घातली, आणि हात दाराबाहेर काढून त्याला दिला. तो काहीतरी बोलला. वर पत्रा इतका वाजत होता की तिला ते ऐकू आलं नाही. तिनं विचारलंही नाही.