कांदिवलीच्या कुंडीतली माती

इथले अनुभव मी डहाणूला हॉस्टेलमध्ये होते तेव्हापासून वाचते. वाचताना दर वेळी वाटायचं, काहीतरी साधं कारण असणार, लिहिणाऱ्याला सापडलं नसेल एवढंच. मी केमिस्ट्री शिकलेली मुलगी आहे. भूत, करणी, अंगात येणं... यातलं काहीच मला कधी पटलं नाही. आता पटतं का, तेही नक्की सांगता येत नाही. म्हणून लिहायला इतका वेळ लागला. असं काही पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचा पाडा तलासरी तालुक्यात आहे. हायवे सोडून आत वळलं की टेकडीच्या पायथ्याशी थोडीशी घरं, तोच पाडा. भाताची थोडी जमीन आहे. बाकी वर्षभर बाबा डहाणूच्या चिकूच्या वाड्यांवर कामाला जातात. रमेशदादा उंबरगावला कंपनीत आहे. घरात आम्ही आमची बोली बोलतो, पण सगळ्यांना कळावं म्हणून इथे साध्या मराठीत लिहिते.

२०१६ साली माझं बी.एस्सी. झालं आणि मुंबईला एम.एस्सी.ला नंबर लागला. आमच्या पाड्यावरून कॉलेजला गेलेली मीच पहिली, त्यामुळे कुणाला विचारावं असं कुणी नव्हतं. मुंबईच्या हॉस्टेलच्या यादीत माझं नाव आलं नाही. बाबा म्हणाले, "राहायची जागा बरी निघाली तर जा. नाही निघाली तर दादाबरोबर कंपनीत लाग." बाबा रागाने बोलले नव्हते. त्यांनी स्वतः डहाणू रोडच्या पुढे कधी पाऊल टाकलं नव्हतं, आणि प्रॅक्टिकल संपवून मी अंधारात कुठल्या रस्त्याने घरी जाणार, एवढंच ते पुन्हा पुन्हा विचारत होते.

मी आणि दादा तीन जागा बघून आलो. नालासोपाऱ्याची खोली सगळ्यात स्वस्त होती, पण जिन्यात दिवा नव्हता. विरारची खोली स्टेशनपासून जवळ, पण मालक म्हणाला की चार मुली मिळाल्या तरच देईन, आणि माझ्या ओळखीची तर एकही नव्हती. तिसरी जागा कांदिवलीला, दुसऱ्या मजल्यावर. मालवणकडच्या एक एकट्या काकू, त्यांच्या घरात एक कॉट. भाडं दोन्हींपेक्षा जास्त, पण जेवण त्यात धरलेलं. स्कॉलरशिप वेळेवर आली तर जेमतेम जमलं असतं.

आता खरी गोष्ट. आमच्यात घर बांधायच्या आधी जागा बघतात. ज्या जागेवर घर उभं राहणार तिथे भगत अख्खे तांदूळ ठेवतो आणि वर टोपली पालथी घालतो. सकाळी टोपली उचलायची. दाणे ठेवले तसेच असले तर जागा चांगली. विस्कटलेले किंवा कमी झालेले असले तर तिथे घर बांधत नाहीत. मी निघताना आई म्हणाली होती, "तिन्ही ठिकाणची माती आण. जानू आजाला दाखवू." जानू आजा म्हणजे आमच्या पाड्यावरचे भगत. नात्याने आजा नाहीत, पण सगळे त्यांना तसंच म्हणतात.

मी आईशी वाद घातला नाही. मातीने ती तयार होणार असेल तर माती आणायला माझं काय जात होतं?

नालासोपारा आणि विरारला बिल्डिंगच्या कडेची माती मिळाली. कांदिवलीला मात्र खाली सगळीकडे लादी. शेवटी काकूंच्या गॅलरीत तुळशीची कुंडी दिसली. मी हळूच बोट घातलं, तेवढ्यात काकू आल्या.

"काय गो, मातीत काय शोधतंस?"

मला खोटं सुचलं नाही. आईने मागितलीय म्हणून सांगितलं.

त्या हसल्या. "ने गो ने. आमच्याकडे नारळ ठेवतत. तुमच्याकडे माती. आवशीक सांग, पाणी चोवीस तास आसा."

घरी आल्यावर आजांनी ओटीवर सारवलेल्या जागेत मातीचे तीन ढीग केले. आईने डब्यातले तांदूळ दिले. आमच्याच शेतातले, तलासरीच्या गिरणीत सडलेले, म्हणजे तूस-कोंडा काढलेले, पांढरे. आजांनी मोडके दाणे बाजूला काढून प्रत्येक ढिगावर चिमूट चिमूट ठेवले आणि तिन्हींवर टोपल्या घातल्या.

सकाळी सगळे जमलो. पहिल्या दोन टोपल्या उचलल्या, तांदूळ जसेच्या तसे. आईचा चेहरा खुलला. आजांनी तिसरी, कांदिवलीच्या मातीवरची, उचलली आणि हातातच धरून ठेवली.

मातीवर तांदूळ नव्हते. तितकेच दाणे होते, त्याच जागी, पण तुसासकट. भाताचे पिवळे दाणे.

पहिलं दादाच बोलला. "उंदीर."

"उंदीर तांदूळ नेतो. भात आणून ठेवत नाही," आई म्हणाली.

"मग शिकलेला उंदीर असेल. आपल्या मनीसारखा."

मनी म्हणजे मी. बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांना वाटलं मी केलं. मला वाटलं त्यांनी केलं, मी जाऊ नये म्हणून. पण भात आणायचं कुठून? जून संपत आला होता. बियाणं राबात, म्हणजे रोपांच्या वाफ्यात, टाकून झालं होतं आणि बाकीचं सगळं सडून डब्यात होतं. घरात भाताचा दाणा नव्हता. आईने तरी कणगी उलटी करून बघितली. आत धूळ होती.

आजा ओटीवर बसले. मग म्हणाले, "पोरी, आता तू ठेव. सगळ्यांच्या देखत."

ऊन चांगलं वर आलं होतं. मी डब्यात हात घातला, तांदूळ तळहातावर पसरून बाबांना दाखवले, आईला दाखवले. दादाने तर एक दाणा उचलून तोंडात टाकला. तिसऱ्या ढिगावरचं भात आईने वाटीत काढून ठेवलं होतं. तिथे मी माझ्या हाताने तांदूळ ठेवले आणि टोपली घातली. मग आईने चहा केला. आम्ही पाचही जण टोपलीभोवती बसून तो प्यायलो. दादा मध्येच म्हणाला, "उंदराला पण कप ठेवा," आणि आजा त्याला म्हणाले, "तू गप बस रे."

कुणी उठलं नाही. टोपलीला कुणी हात लावला नाही. हे मी अगदी खात्रीने सांगते.

आजांनी मला खूण केली. मी टोपली उचलली.

भात होतं.

मला भीती वाटली असं नाही म्हणता येणार. डोक्यात काहीच नव्हतं. मी एक दाणा घेऊन दातांत धरला. तूस कडक होतं, जिभेला टोचलं. नखाने सोललं तर आत पांढरा तांदूळ नव्हता, लालसर कोंडा असलेला, न सडलेला दाणा होता. टोकाला कोंबाचा ठिपकासुद्धा. म्हणजे गिरणीत जे जे निघून गेलं होतं ते सगळं परत आलं होतं.

बाबा आजांना म्हणाले, "म्हणजे काय? जाऊ द्यायची की नाही?"

"मला माहीत नाही."

"तुम्ही भगत ना?"

"म्हणून तर सांगतो. विस्कटलेलं मी वाचतो, कमी झालेलं वाचतो. हे हो म्हणत नाही, नाही पण म्हणत नाही. माझ्या बापाने कधी असलं बघितलं असतं तर मला सांगितलं असतं."

मग आई-बाबांचं सुरू झालं. आई म्हणाली, "चांगलंच आहे की! उघडा दाणा होता, त्याला अंगावर घ्यायला मिळालं. ती जागा पोरीला झाकून ठेवेल."

बाबा म्हणाले, "उलटं आहे हे. कुटलेलं, सडलेलं परत तुसात गेलं. एवढं शिकवलं ते सगळं फुकट जाईल आणि होती तिथेच येऊन बसेल."

"तुम्हाला पाठवायचीच नाही."

"तुला काय माहीत मला काय करायचंय ते?"

बाबांचा आवाज असा चढलेला मी क्वचितच ऐकला होता. मला दोघांचंही पटत होतं. आई बोलली की तिचं पटायचं, बाबा बोलले की त्यांचं.

तेवढ्यात दादा म्हणाला, "पण माती तर कुंडीतली आहे."

आजांनी मान वर केली. "कुठल्या कुंडीतली? मी तुझ्या आईला घराखालची म्हटलं होतं."

"आजा, त्या घराखाली दुसऱ्यांचं घर आहे," मी म्हणाले.

"आणि त्याच्या खाली?"

"गाड्या लावतात. सगळी लादी आहे."

आजा म्हणाले, "मग ती माणसं राहतात कशावर?"



आमच्याकडे तेव्हा रेंज रस्त्यावरच्या चिंचेखाली यायची. मी आणि बाबा तिथे गेलो, काकूंना फोन लावला आणि विचारलं, कुंडीतली माती कुठली.

"दारावर एक माणूस येता, तेच्याकडची पोती. खयची ता मी कशाक इचारू?" मग म्हणाल्या, "तू येतंस की नाय ता सांग. दुसरी एक मुलगी बघून गेली, तेका आज काय ता सांगूक होया."

म्हणजे तांदूळ ठेवून आम्ही जी जागा बघितली ती कांदिवलीची नव्हतीच. मग कुठली होती? ती पोती कुठल्या शेतातून, कुठल्या डोंगरातून भरली होती, कुणाला माहीत. दाणे जे काही सांगत होते ते भलत्याच एखाद्या जागेबद्दल होतं का? की जिथली माती तिथलंच बोलते, हे आमचंच समजणं चुकीचं? मी फोन हातात धरून उभी होते. काकू पलीकडून "हॅलो, हॅलो" करत होत्या.

मी बाबांना सगळं सांगितलं. ते चिंचेच्या मुळावर बसले.

"मग आता भगत नाही, माती नाही," ते म्हणाले. "तू बघून आलीस ना? तूच बोल. राहशील तिथे?"

मला तोपर्यंत हे कुणी विचारलं नव्हतं. नंबर लागला तेव्हाही जाऊ द्यायचं की नाही एवढीच चर्चा होती, आणि ती मी आतल्या खोलीतून ऐकली होती. आता बाबा खरंच उत्तराची वाट बघत होते.

मी म्हणाले, "हो. राहीन."

का म्हणाले? काकूंच्या दाराला आतून दोन कड्या होत्या आणि स्टेशनपासून घरापर्यंत दुकानं उघडी असायची, म्हणून? की मनात कुठेतरी आईचं ते झाकून ठेवण्याचं बसलं होतं, म्हणून? खूप विचार केला, पण कळत नाही. माझ्या हातातून फोन घेऊन बाबांनीच काकूंना सांगितलं, "पोरगी येते. मी सोडायला येतो." आणि आले. काकूंच्या घरात त्यांनी दोन्ही कड्या लावून बघितल्या, उघडून बघितल्या, मग पाणी प्यायले.

मी तिथे एम.एस्सी. संपेपर्यंत राहिले. वाईट काही घडलं नाही. पुढे नोकरीही मुंबईतच लागली, त्यामुळे बाबांचं म्हणणं खरं झालं असं अजून तरी म्हणता येत नाही. आईचं खरं झालं का? काकूंनी मला पोटच्या पोरीसारखं सांभाळलं, पण तशा त्या माझ्या आधी तिथे राहून गेलेल्या मुलीलाही सांभाळायच्या. जानू आजा आता नाहीत. शेवटपर्यंत भेटले की विचारायचे, "कळलं का गं काही?" जणू शिकलेली मी, म्हणजे मलाच कळायला हवं होतं.

मी डोक्यातल्या डोक्यात सगळं तपासून बघितलं. दादाने हातचलाखी केली म्हणावं, तर तांदूळ मी ठेवले आणि टोपली मीच उचलली. मला भास झाला म्हणावं, तर पाच जणांना एकच भास कसा होईल? सडलेल्या तांदळावर तूस चढवणारी कुठलीही क्रिया मी शिकलेले नाही, आणि माझ्या सरांनाही माहीत असेल असं वाटत नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

ते दाणे लॅबमध्ये नेऊन बघावेत असं मला पहिल्या दिवाळीत घरी गेले तेव्हा सुचलं. वाटी कुठे ठेवलीस म्हणून आईला विचारलं.

"ते होय? राबात टाकलं मी. बियाणं होतं, फुकट कशाला घालवायचं?"

तोपर्यंत लावणी होऊन, कापणी होऊन, भात झोडून झालं होतं. ते दाणे रुजले की नाही, रुजले तर शेतात कुठे गेले, कुणाला सांगता येणार? परत निघताना आईने नव्या तांदळाची पिशवी माझ्या हातात दिली. कांदिवलीला काकूंनी त्याच रात्री तो शिजवला. आम्ही दोघी जेवलो. काकू म्हणाल्या, तांदूळ गोड आसा. मलाही तो दरवर्षीसारखाच लागला.