येतो म्हणून जाणारे भाडेकरू

आम्ही तिघं हल्ली पुण्यात दोन-तीन महिन्यांतून एकदा जमतो. चहा येतो, बर्लिनचा विषय निघतो आणि आमच्या बायका उठून आत जातात. त्यांचं म्हणणं असं, की किस्से तेच असतात, फक्त ते कुणाला घडले ते दर वेळी बदलतं. ते खरं आहे. परांजपेला आजकाल सगळ्याच गोष्टी स्वतःला घडल्यासारख्या वाटतात. गेल्या वेळी त्यानं माझा एक किस्सा माझ्याच देखत स्वतःच्या नावावर सांगितला आणि वर मलाच विचारलं, "तू तेव्हा कुठे होतास रे?" म्हटलं, उरलेलेही हा लाटायच्या आत लिहून काढावेत.

तर साल अठ्ठावन्न, पश्चिम बर्लिन. तिघंही टेक्निकल युनिव्हर्सिटीत. मी मेकॅनिकलला, परांजपे सिव्हिलला, आणि घारपुरे केमिस्ट्रीत डॉक्टरेट करत होते. घारपुरे आमच्याहून आठ वर्षांनी मोठे, बायको-मुलीला नागपूरला ठेवून आलेले, म्हणून त्यांना अहोजाहो. युद्धात शहराची पार वाट लागली होती, त्यामुळे खोली मिळणं नोकरी मिळण्यापेक्षा अवघड. लेमकेबाईंनी तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या घरातल्या दोन खोल्या आम्हांला दिल्या, हे नशीबच. बाई विधवा, पन्नाशीच्या, उंच आणि ताठ. घराचे नियम त्यांनी टाइप करून, फ्रेम करून दारामागे लावले होते. एकूण तेरा. नियम मोडणाऱ्यानं खोली सोडायची, हे पहिल्याच दिवशी सांगून झालं.

०

चौथा नियम आंघोळीचा. गरम पाणी फक्त शनिवारी. मी आणि घारपुरे निमूट शनिवारवर आलो. परांजपे मात्र कोल्हापूरचा, तालमीतला. तो जानेवारीतही रोज सकाळी सहाला बादलीभर गार पाणी अंगावर घ्यायचा आणि मोठमोठ्यानं स्तोत्र म्हणायचा. स्तोत्र कसलं, थंडीनं ओरडायचाच तो.

एक दिवस बाईंनी मला स्वयंपाकघरात गाठलं आणि हळू आवाजात काहीतरी विचारलं. माझं जर्मन तेव्हा जेमतेम दोन महिन्यांचं. मला त्यातलं 'हेर परांजपे', म्हणजे श्रीयुत परांजपे, आणि 'रोज' एवढंच कळलं. मी म्हटलं, "हो, लहानपणापासून."

त्यांनी विचारलं होतं, हेर परांजपे आजारी आहेत का.

त्यानंतर महिनाभर जिन्यात परांजपे दिसला, की शेजारी भिंतीला चिकटून उभे राहायचे. बाई त्याच्या दाराशी सूप ठेवायच्या. परांजपे मला म्हणाला, "लोक फार सभ्य आहेत रे इथले. मला बघितलं की वाट सोडतात."

०

घारपुरेवहिनींचं नागपूरहून पार्सल आलं. त्यात तूरडाळ, मोहरी आणि हिंगाची डबी. रविवारी दुपारी बाई बाहेर गेल्यासारख्या वाटल्या म्हणून घारपुरेंनी वरणाला फोडणी दिली.

बाई बाहेर गेलेल्या नव्हत्या. त्या आल्या, त्यांनी वास घेतला, गॅसचा मुख्य कॉक बंद केला, सगळ्या खिडक्या उघडल्या आणि आम्हांला होतो तसे रस्त्यावर काढलं. घारपुरे हातात डाव घेऊन. कोपऱ्यावरून फोन गेला आणि वीस मिनिटांत गॅसचा माणूस आला. तो नळ्या हुंगत हुंगत गेला, तो बरोबर डबीपाशी जाऊन थांबला.

"हे काय आहे?"

"हिंग," घारपुरे म्हणाले.

"कशासाठी वापरतात?"

घारपुरे शास्त्रज्ञ माणूस. विचारलेल्या प्रश्नाचं नेमकं उत्तर देणार. ते म्हणाले, "गॅसवर उपाय म्हणून."

त्या माणसानं हातातला फॉर्म घडी करून खिशात घातला आणि टोपी उचलून निघून गेला. आम्ही मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं होतं. संध्याकाळी दारामागे पाहिलं, तर तेराव्या नियमाखाली शाईच्या पेननं लिहिलेलं होतं: चौदा. हिंग फक्त रविवारी, खिडकी उघडी ठेवून.

०

बाईंची थोरली बहीण एल्झा. ती शहराच्या पूर्व भागात, म्हणजे रशियनांच्या बाजूला राहायची. तेव्हा त्याचं काही विशेष नव्हतं. दर रविवारी चारला ती आगगाडीनं यायची आणि पत्र्याच्या डब्यात केक आणायची. बाई जितक्या ताठ, तितकी ही ऐसपैस. आम्ही तिला एल्झामावशी म्हणायचो आणि तिला ते आवडायचं.

एका रविवारी घारपुरेंची एकादशी आली. केकला नाही म्हणाले. उपवास आहे, काही खायचं नाही, असं त्यांनी तिला समजावून सांगितलं. मग त्यांनी आतून आणलेली साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याचा लाडू आणि दोन केळी खाल्ली. साबुदाणा तिकडे वाण्याकडे मिळायचा, ते लोक सूपमध्ये घालतात.

मावशीनं शेवटच्या केळ्यापर्यंत सगळं बघितलं. म्हणाली, "हा उपवास असेल, तर मी आजपासून रोज करीन."

०

परांजपेच्या तोंडून आजवर न ऐकलेला असा त्याचा हा एकच किस्सा. लेमकेबाई त्याला एका व्हायोलिनच्या मैफलीला घेऊन गेल्या. ओव्हरकोट बाहेर जमा करायचा, खोकला आला तर गिळायचा, अशी तिथली शिस्त. परांजपेनं अर्धा तास दम धरला. पण पुढे वादकानं एक जागा अशी घेतली, की त्याच्या तोंडून निघालंच, "वा."

आता बर्लिनच्या माणसाची एक लकब आहे. वाक्य संपलं, की तो शेवटी 'वा?' लावतो. आपण 'हो ना?' म्हणतो, तसं. परांजपेच्या मागे एक अस्सल बर्लिनकर म्हातारे बसले होते. त्यांना वाटलं, पुढचा गृहस्थ आपलं मत विचारतोय. ते म्हणाले, "येनाऊ." म्हणजे गेनाऊ, अगदी बरोबर. बर्लिनमध्ये 'ग'चा 'य' होतो.

परांजपेला वाटलं, चला, कुणीतरी रसिक भेटला. पुढच्या जागेला आणखी मोठ्यानं "वा." मागून आणखी मोठ्यानं "येनाऊ." तिसऱ्या वेळी दोघांनाही बाहेर काढलं. बाहेर त्यांनी मिळून बिअर घेतली आणि बाई उरलेला कार्यक्रम एकट्यानं ऐकून आल्या. आठवडाभर त्या परांजपेशी बोलल्या नाहीत.

०

आपण घरातून निघताना 'जातो' म्हणत नाही. 'येतो' म्हणतो. माझ्या जिभेला ते इतकं वळणी पडलेलं, की सकाळी कॉलेजला निघताना मी बाईंना त्याचं सरळ जर्मन करून सांगायचो, "इश कोमं." मी येतो. आणि दार ओढून जायचो.

बाई आत कॉफी ओतून वाट बघत बसायच्या. मी यायचो संध्याकाळी. त्यांनी हे सबंध हिवाळाभर सहन केलं. शेवटी एका रविवारी सगळ्यांसमोर विचारलं, "हेर कुलकर्णी, तुम्ही येतो म्हणता आणि जाता. माझ्या कॉफीनं काय समजायचं?"

माझ्या वतीनं घारपुरेंनी सांगितलं, "आमच्यात निघताना 'जातो' म्हणणं चांगलं मानत नाहीत. जो परत यायचा नसतो, तो जातो. बाकीचे येतो म्हणतात."

"आणि घरातला माणूस काय म्हणतो?"

"या."

एल्झामावशी हसायलाच लागली. कारण जर्मनमध्ये 'या' म्हणजे 'हो'. मी येतो. हो. तिला ते फार पटलं. लेमकेबाई हसल्या नाहीत. कप गोळा करताना म्हणाल्या, "ऑटो जातो म्हणाला होता. चव्वेचाळीस साली." ऑटो म्हणजे त्यांचे यजमान. मला तर त्या कॉफीची फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दारामागे नवी ओळ होती: पंधरा. या घरात कोणीही 'जातो' म्हणायचं नाही.

मावशीनं तो नियम खेळासारखा उचलला. दर रविवारी निघताना उंबऱ्यात उभी राहून ती म्हणायची, "इश कोमं," आणि बाई आतून म्हणायच्या, "या."

०

एकसष्टच्या ऑगस्टमधल्या त्या रविवारी शहराच्या मधोमध तारेचं कुंपण आलं, त्याचीच पुढे भिंत झाली. ते सगळ्यांना माहीत आहे, मी सांगत बसत नाही. आमच्या घरात झालं ते एवढंच, की टेबलावर पाच बशा मांडल्या होत्या आणि चार माणसं होती.

चार वाजून गेले. साडेचार झाले. बाई एकदम म्हणाल्या, "मागच्या रविवारी ती काय म्हणाली, आठवतं?"

आम्हांला तिघांनाही आठवत होतं. गाडी चुकायला आली होती. मावशी रिकामा डबा घेऊन धावत सुटली आणि जिन्यातूनच ओरडली, "इश गेहे." जाते.

"मी ऐकलं," बाई म्हणाल्या. "पण हाक मारली नाही. म्हटलं, गाडी चुकेल."

आम्ही खूप समजावलं. घारपुरे म्हणाले, तो आमचा आपला समज आहे, सायन्समध्ये त्याला काही आधार नाही. देवाला न मानणाऱ्या, चर्चची पायरी न चढणाऱ्या लेमकेबाई. पण त्यांच्या मनानं घेतलं ते घेतलंच. आणि ते खूळ त्या घरात आम्ही आणलं होतं. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

पश्चिम बर्लिनच्या लोकांना पलीकडे जायची बंदी झाली. आमचे पासपोर्ट भारताचे, आम्हांला जाता यायचं. पहिला मी गेलो. बाईंनी कॉफीचं पाकीट दिलं, लोकरीचे मोजे दिले आणि म्हणाल्या, "तिला तो शब्द म्हणायला सांगा. मला येऊन सांगा, म्हणाली म्हणून."

मावशीनं दार उघडलं, मला बघून रडली, मग केक कापला. मी निरोप सांगितला. ती बराच वेळ मोजे उलटेपालटे करत बसली आणि मग म्हणाली, "मी माझ्या घरात बसून येते कसं म्हणू? जो निघतो तो म्हणतो. तुम्हीच शिकवलंत. तिला सांग, तिच्या दारात म्हणीन."

मी परत आलो, तेव्हा बाई जिन्यात उभ्या होत्या. तब्येत कशी, खाते काय, काहीही विचारलं नाही.

"म्हणाली?"

"तुमच्या दारात म्हणीन म्हणाल्या."

"हट्टी आहे," बाई म्हणाल्या. "लहानपणापासून."

०

पुढची तीन वर्षं आम्ही पाळीपाळीनं गेलो. इकडून कॉफी, तिकडून केक. मावशीला पोटाचा त्रास होता, म्हणून घारपुरे तिला हिंग पाठवायचे. एकदा चौकीवरच्या शिपायानं परांजपेची पिशवी उघडली आणि ती डबी नाकाशी नेली. परांजपे म्हणतो, त्यानंतर त्या माणसानं त्याचा पासपोर्टसुद्धा लांबूनच बघितला.

त्रेसष्टच्या नाताळात इकडच्या लोकांना थोड्या दिवसांसाठी पलीकडे जायचे पास मिळायला लागले. बाई भल्या पहाटेपासून रांगेत उभ्या राहिल्या. चार माणसं पुढे उरली असताना बर्फावरून घसरल्या आणि पाय मोडून घेतला. नाताळ प्लास्टरमध्ये गेला. मी हॉस्पिटलमध्ये भेटायला गेलो, तर म्हणाल्या, "बघितलंत? शब्द." मी मावशीच्या केकचा तुकडा दिला, तो त्यांनी खाल्ला.

०

चौसष्टच्या नोव्हेंबरात पलीकडच्या सरकारनं पेन्शनीत निघालेल्या लोकांना इकडे नातेवाइकांकडे जायला परवानगी दिली. मावशीनं साठी ओलांडली होती. तिचं कार्ड आलं: रविवारी, चारला.

मी तोवर नोकरीला लागलो होतो, पण खोली सोडली नव्हती. घारपुरेंचा प्रबंध संपत आला होता. आम्ही तिघंही दाढ्या करून, टाय लावून बसलो. बाईंनी सकाळपासून पाच बशा मांडल्या होत्या आणि दर अर्ध्या तासानं त्या सरळ करत होत्या. कॉफी त्यांनी तीनदा केली आणि तीनदा ओतून टाकली.

चारला पाच कमी असताना बेल वाजली. बाई उठल्या, ॲप्रन काढला, परत बांधला, परत काढला. काठी घेऊन दारापर्यंत गेल्या आणि दार उघडलं.

मावशी उंबऱ्याबाहेर उभी होती. निम्मी झाली होती. तीन जिने चढून धाप लागलेली, हातात तोच पत्र्याचा डबा. आम्ही बाईंच्या मागे रांगेत उभे. कोणी जागचं हललं नाही.

मावशीनं डबा खाली ठेवला, कोटाची बटणं नीट केली आणि बहिणीकडे बघून म्हणाली, "इश कोमं."

लेमकेबाई म्हणाल्या, "या."